सकाळचं विमान

"कुंदाताई, त्या वह्या आधी टेबलाखाली ठेवा बघू," नंदूशेठ म्हणाला. "साहेब आत्ता येतील. रद्दीचं दुकान वाटायला नको."

मी जागची हलले नाही. एकतीस वह्या होत्या त्या. काही लाल कापडात बांधलेल्या, काही शाळेतल्या शंभर पानी, काहींच्या पुठ्ठ्यावर उर्दूत नाव आणि खाली तेच मराठीत. दोन महिने मी होडीतून खाड्या ओलांडल्या होत्या, एसटीच्या मागच्या बाकावर हाडं खिळखिळी करून घेतली होती आणि गावोगावच्या मशिदींच्या ओसरीवर बसून लोकांची मनं वळवली होती, तेव्हा कुठे त्या माझ्या हाती आल्या होत्या. ह्या माणसाने त्या दोन महिन्यांत काय केलं होतं? स्वतःच्या हॉटेलचे फोटो काढून घेतले होते.

"रद्दी नाही ती," मी म्हटलं. "विमान उडालं तर ह्या वह्यांवर उडेल."

"विमान उडणार समुद्रावर, आंब्यावर आणि पर्यटनावर!" त्याने गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तिका माझ्यासमोर नाचवली. मुखपृष्ठावर त्याच्याच हॉटेलची गच्ची होती, मागे सूर्य मावळत होता. "ही बघा आपल्या शहराची प्रतिमा. तुमचे ते कुवेत-मस्कतवाले घालून ती बिघडवू नका. पेट्या-बोचकी घेऊन जाणारी माणसं ती. विमान कंपनीला दर्जेदार प्रवासी हवेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर्जेदार! ह्या शहरात आयुष्यात एकदा तरी विमानात बसलेल्या माणसांपैकी दहातली नऊ माणसं ती 'पेट्या-बोचकीवाली' होती, हे मला ठाऊक होतं, कारण त्यांची तिकिटं मी काढत होते.

त्र्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. आमच्या राजबंदरला तेव्हा रेल्वे आली नव्हती, तिचे बोगदेच अजून खणत होते. मुंबईला जायचं तर रस्त्याने दहा-अकरा तास, आणि घाटात ट्रक आडवा झाला तर किती ते देवालाच ठाऊक. सड्यावर, म्हणजे शहरावरच्या कातळपठारावर, सरकारने कधीकाळी बांधलेली धावपट्टी होती, तिच्यावर दुपारी गुरं रवंथ करत बसायची. त्या वर्षी देशात नव्या खासगी विमान कंपन्या निघाल्या होत्या. त्यातल्या एका कंपनीने छोट्या शहरांना मुंबईशी जोडायचं ठरवलं आणि आमचं शहर जोडण्यासारखं आहे का, हे बघायला आपला अधिकारी पाठवला. लगेच नंदूशेठ शेट्येने विमानसेवा कृती समिती काढली आणि तो तिचा अध्यक्ष झाला. मला घेतलं, कारण अख्ख्या शहरात विमानाची तिकिटं काढून देणारं दुकान एकच होतं, माझ्या वडिलांनी काढलेलं भाटकर ट्रॅव्हल्स. वडील गेल्यावर मी एकटी ते चालवत होते. चौतीस वर्षांची होते, लग्न केलं नव्हतं, आणि जिभेला हाड नाही अशी माझी गावात ख्याती होती.

वह्यांची गोष्ट कळायला इब्राहिमचाचा कळायला हवेत. ते त्या वेळी बाहेर, हॉटेलच्या व्हरांड्यात बसले होते. नंदूशेठने त्यांना आत खुर्ची मांडली नव्हती. "लागले तर बोलावू," म्हणाला होता.

इब्राहिम हसन होडेकर. खाडीपलीकडच्या नेवरखाडी गावचे. तीस वर्षं त्यांनी बोटीवर सारंग म्हणून काढली, म्हणजे खलाशांचे मुकादम. आता गावच्या जमातीचे, म्हणजे मुसलमान पंचायतीचे, सेक्रेटरी होते. एकुलता मुलगा युसुफ कुवेतला. घरात चाचा आणि आमिनाचाची दोघंच. चाचीचं हृदय कमजोर, डॉक्टरांनी जिने चढायलासुद्धा मनाई केली होती.

चाचांना विमान कशासाठी हवं होतं, ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "कुंदा, आमच्यात मय्यत थांबवत नाय. लवकर माती द्यायची, ह्यो हुकूम हाय. पण सगल्यांचे लेक दर्यापार. लोक म्हनायचे, थांबा, थांबा, येतोय. दोन-दोन दिवस मानसं थांबायची. ते काय बरा नाय. म्हनून मीच जमातीत ठराव केला, दुसऱ्या दिवसाच्या असरपर्यंत थांबायचं, म्होरं नाय." असर म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज. "तवापासनं दोन वर्सांत अकरा लेक आले. अकराच्या अकरा उशिरा. पहाटंला मुंबईत उतरतात, आनि हितं पोचतात तवा मातीवर पानी मारून झालेलं असतंय. मी सोता तसाच आलोय. माजा बाप गेला तवा मी बसऱ्याला होतो."

"आणि विमान असलं तर?"

"पहाटं साडेचारला आखाताचं विमान मुंबईत उतरतं. सातला तिथनं हिकडं विमान सुटलं, तर पोर नवाच्या आत घरी. बापाचा तोंड बघील, खांदा देईल. मला दुसरं कायसुदिक नको. फकस्त सकालचं विमान पायजे."

चाचीचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

तर अकरा वाजता देवस्थळीसाहेब आले. कंपनीचे अधिकारी, पुण्याचे, चाळिशीतले, कोट घातलेले आणि घामाने बेजार. नंदूशेठने त्यांना आधी शहाळं दिलं, मग आंबापोळी, मग पुस्तिका. मग खोलीत अंधार करून भिंतीवर चित्रं दाखवली. किल्ला, दीपगृह, समुद्र, हापूसची पेटी, नंदूशेठचं हॉटेल, परत समुद्र. मग शहरातल्या बावीस प्रतिष्ठितांची पत्रं वाचली. प्रत्येकाने एकच मजकूर लिहिला होता, की आपण महिन्यातून दोनदा विमानाने मुंबईला जाऊ.

देवस्थळींनी दिवे लावायला सांगितले. समितीवर नजर फिरवून त्यांनी शांतपणे विचारलं, "आपल्यापैकी गेल्या वर्षी विमानात कोण कोण बसलं?"

दोन हात वर आले. एक नंदूशेठचा. दुसरा कोकम सरबतवाल्या बावडेकरांचा, तेही घाऊक खरेदीच्या बक्षिसात फुकट बंगलोरला गेले होते म्हणून.

"शहर सुंदर आहे," देवस्थळी म्हणाले आणि त्यांनी फाईल मिटली. "पण सुंदर शहर आणि विमानाचं मार्केट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुट्टीत येणारे लोक वर्षातले दोन महिने येतात. मला रोज अठ्ठावीस माणसं हवीत. आमच्याकडे माहिती आहे ती अशी, की तुमच्या अख्ख्या जिल्ह्याच्या पत्त्यावरून गेल्या वर्षी परदेशी गेलेले प्रवासी एकशे सहा. एकशे सहा माणसांवर विमान चालत नाही."

समितीतले लोक पंख्याकडे बघत होते. मी उठले, एकतीस वह्या दोन खेपांत उचलून त्या रंगीत पुस्तिकांवर आदळल्या आणि व्हरांड्याकडे तोंड करून ओरडले, "चाचा, आत या!"

चाचा आले. पांढरा सदरा, टोपी, चपला दाराबाहेर काढलेल्या. खुर्ची नव्हतीच, म्हणून मी माझी दिली.

"साहेब, तो आकडा खोटा आहे," मी म्हटलं. "ही माणसं पासपोर्टवर इथली नाहीतच. तुम्ही ह्यांनाच विचारा."

"म्हणजे?" देवस्थळींनी चाचांकडे बघितलं.

"साहेब, आमच्या गावाची मुंबैत खोली हाय, डोंगरीला," चाचा म्हणाले. "जमातीची खोली. हरेक गावाची असतेय. बापजाद्यांपासनं. बोटीवर नोकरी पायजे तर मुंबैचा पत्ता लागायचा, तवा खोलीचा पत्ता घालायचो. तसंच वलन पडलं. आता पोरं आखातात जातात, तरी पासपोर्टावर पत्ता खोलीचाच."

"त्या खोलीत किती जण राहतात?"

"आता? तीन. आनि येक मांजर."

"आणि पासपोर्टवर?"

"दोनशे बारा."

देवस्थळींनी पेन खाली ठेवलं. "एका खोलीत?"

"ही नेवरखाडीची येकच. अशी येकतीस गावं हायत ह्या वह्यांत." चाचांनी वरची वही उघडली. "ही आमची हजेरी. कोन कंच्या देशात हाय, कदी गेला, सुट्टीवर कदी येनार. लग्नाच्या तारखा ह्याच्यावरनं धरतो आमी. नवरा हाय पन नवऱ्याचा भाव दुबईत, असा चालत नाय ना."

मी दोन महिन्यांत केलेली बेरीज पुढे सरकवली. एकतीस गावांतून परदेशी असलेली माणसं पाच हजार तीनशेच्या वर. दर वर्षा-दोन वर्षांनी प्रत्येक जण घरी येतो आणि परत जातो. हे सगळे मुंबईचे म्हणून मोजले जात होते आणि मुंबईहून रात्रभर रस्त्याने हाडं मोडून घेत गावी येत होते. आमचं शहर कागदावर रिकामं दिसत होतं, कारण आमची विमानात बसणारी माणसं डोंगरीच्या एकतीस खोल्यांत कोंबलेली होती.

देवस्थळींनी कोट काढून खुर्चीवर टाकला. अर्धा-पाऊण तास ते एकेक वही उघडत होते. कुठली तारीख, कुठला देश, सणासुदीला किती, एरवी किती, चाचांना विचारत होते आणि चाचा एकेक नाव बोटाखाली धरून सांगत होते. नंदूशेठ नुसता उभा होता. मला त्या वेळी इतका आनंद होत होता की मी त्याच्याकडे बघून चक्क हसले.

"भाटकर मॅडम," देवस्थळी शेवटी म्हणाले, "हे मार्केट आहे. मी चार शहरं बघून आलो, असं एकही नाही. मी होकार कळवतो."

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्याने नंदूशेठने वाजवल्या. तेवढ्यात बाजारातल्या मशिदीची अजान ऐकू आली. चाचा उठले.

"साहेब, नमाज पढून येतो. पंधरा-वीस मिंटं." दाराशी मी त्यांच्या चपला सरळ करून दिल्या, तेव्हा ते हळूच म्हणाले, "कुंदा, टायमाचा बोलना निघंल. सकालचं विमान. तेवढा सोडू नको गो."

"तुम्ही निश्चिंत जा, चाचा," मी म्हटलं.

नंदूशेठने जेवणाची वर्दी दिली. तळलेली सुरमई, सोलकढी, तांदळाची भाकरी. ताटं मांडली जात असताना देवस्थळींनी वेळापत्रकाचा विषय काढला. विमान एक, फेरी एक. सकाळी सातला मुंबईहून निघून इथे यायचं आणि लगेच परतायचं, हा एक मार्ग. दुसरा म्हणजे संध्याकाळी मुंबईहून यायचं, रात्री विमान इथेच ठेवायचं आणि सकाळी परत न्यायचं. आपल्या धावपट्टीवर दिवे नसल्यामुळे संध्याकाळचं विमान सहाच्या आत उतरायला हवं.

"संध्याकाळीच!" नंदूशेठने एका श्वासात सांगितलं. "इथला व्यापारी सकाळी मुंबईला जाईल, कामं उरकून संध्याकाळी घरी. आणि वैमानिक, हवाई सुंदरी यांची मुक्कामाची व्यवस्था माझ्याकडे. वर्षभर चार खोल्या राखून ठेवतो, समुद्राच्या बाजूच्या."

असं होतं तर! वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चार खोल्या भरलेल्या. तेवढ्यासाठी हा माणूस शहराच्या प्रतिमेची माळ जपत होता. मी तोंड उघडलं. पण देवस्थळीच माझ्याकडे वळले.

"मॅडम, प्रवासी तुमचे आहेत. तुमच्या आखातवाल्यांना कुठली वेळ हवी?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात नंदूशेठ मधे बोलला. साहेबांच्या ताटात सुरमईचा तुकडा वाढत, अगदी सहज. "हां, साहेब, एक राहिलं. इथली तिकीट एजन्सी कुंदाताईंनाच द्यायची, असं समितीचं मत आहे. बाहेरचा माणूस नको. आपल्याला एकमेकांना सांभाळून घ्यायचंय. काय ताई?"

समितीचं असलं काहीही मत नव्हतं. एजन्सी त्याच्या भाच्याला मिळणार, हे गावातलं शेंबडं पोर सांगू शकलं असतं. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. मला सगळं कळलं, अगदी लख्ख कळलं. वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्या एजंटांच्या नावाने तिकिटं काढली होती. आमच्या दुकानावर एखाद्या विमान कंपनीची पाटी लागावी, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते न होताच ते गेले.

"मॅडम?" देवस्थळी म्हणाले.

"दोन्ही वेळा चालतील," मी म्हटलं.

झालं. त्यांनी फाईलवर काहीतरी टिपलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

चाचा परत आले तेव्हा जेवणं चालू होती. हाताला, दाढीला अजून पाणी होतं. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हटलं, "जेवा आधी, चाचा." ते जेवले. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून परत विचारलं नाही.

पंधरवड्यात वर्तमानपत्रात वेळापत्रक छापून आलं. मुंबईहून संध्याकाळी साडेचार, राजबंदरला पाच चाळीस. राजबंदरहून सकाळी सात. चाचा वर्तमानपत्र घेऊन दुकानात आले. समोरच्या बाकावर बसले.

"ह्याचा आमाला काय उपेग, गो?"

"मी बदलून घेते, चाचा. साहेबांना पत्र लिहिते. सुरू तर होऊ दे."

"व्हय," ते म्हणाले. "सुरू तर होऊ दे."

डिसेंबरात सेवा सुरू झाली. सड्यावर मंडप, बँड, फेटे, नारळ. पहिल्या विमानाने नंदूशेठ आणि समितीचे सव्वीस जण मुंबईला गेले आणि त्याच संध्याकाळी गळ्यात हार घालून परत आले. भाषणांत समुद्राचं नाव निघालं, हापूसचं निघालं, नंदूशेठच्या दूरदृष्टीचं तर तीनदा निघालं. वह्यांचा कोणी उच्चार केला नाही. चाचांना निमंत्रणही नव्हतं. मी तिथे पहिल्या रांगेत बसले होते, मला गुलाबाचं फूल मिळालं होतं आणि माझ्या दुकानावर नवी निळी पाटी लागली होती. मला नंदूशेठचा संताप येत होता. त्या दिवशी फक्त त्याचाच येत होता.

मग विमान रिकामं उडायला लागलं. बावीस प्रतिष्ठितांपैकी महिन्यातून दोनदा कोणीही गेलं नाही. आणि माझे आखातवाले काउंटरवर येऊन हसायचे. "ताई, पहाटे मुंबईत उतरायचं आणि संध्याकाळपर्यंत विमानतळावर पेटीवर बसायचं? त्यापेक्षा गाडी केली तर त्याच वेळेला घरी पोचतो." खरंच होतं. देवस्थळींना मी दोन पत्रं लिहिली. त्यांचं उत्तर आलं, की वेळ स्थानिक समितीच्या आणि आपल्या संमतीने ठरली आहे, वर्षभर बदल शक्य नाही. सात महिन्यांत सेवा बंद पडली. राजबंदर हे विमानप्रवासाच्या दृष्टीने मार्केट नाही, असा शेरा मारून कंपनी निघून गेली, आणि पुढची कितीतरी वर्षं जो येईल तो तोच शेरा वाचून दाखवायचा. नंदूशेठसुद्धा चारचौघांत म्हणायचा, "आपल्या लोकांची विमानात बसायची लायकीच नाही." हे ऐकून मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची.

पण ते नंतरचं. त्याआधी मार्च आला.

मार्चअखेरच्या एका बुधवारी, दिवेलागणीला, चाचांचा पुतण्या धापा टाकत दुकानात आला. आमिनाचाची गेली होती. संध्याकाळी भांडी विसळता विसळता खाली बसली आणि गेली. माझ्या दुकानात परदेशी फोन लागायचा. मी कुवेत लावलं. युसुफच्या कंपनीतून त्याला बोलावलं. त्याने एवढंच विचारलं, "ताई, कसं पोचू?"

रात्रीच्या विमानात जागा मिळाली. पहाटे साडेचारला मुंबई. पुढे? मी माझ्याच भिंतीवरचं वेळापत्रक बघितलं. माझ्याच पाटीखालचं.

"गाडी सांगून ठेवते," मी म्हटलं. "कुठे थांबू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी होडीने नेवरखाडीला गेले. चाचांचं अंगण भरलं होतं. बायका आत कुराण वाचत होत्या. मी दाराच्या खांबाशी उभी राहिले. गाडीच्या चालकाने वाटेतून फोन केला होता, की घाटाच्या अलीकडे रस्ता खणलाय, दीड तास उभे आहेत. तो निरोप मी सकाळीच पाठवला होता.

असरची वेळ झाली. जमातीतले चार वयस्कर पुढे आले. त्यातले रज्जाक हमदुले म्हणाले, "चाचा, मगरिबपर्यंत थांबू. सूर्य बुडायला येल हाय अजून. युसुफ येईल. कोन काय बोलनार नाय."

"तुज्या आईच्या टायमाला मी थांबलो काय रे, रज्जाक?" चाचांनी विचारलं.

रज्जाक एक पाऊल मागे सरला.

"तुजा भाव दम्मामवरनं निघाला होता. तुमी सगले माज्या पाया पडत होता. मी बोललो, ठराव म्हंजे ठराव. आता माजी आमिना हाय म्हनून ठराव बदलू काय?" त्यांनी पुढच्या दांड्याला हात घातला. "उचला."

जनाजा उचलला. चाचांनी पुढचा खांदा दिला. गल्लीच्या वळणापर्यंत मला त्यांची टोपी दिसत होती. बायका रडत होत्या. मी रडत नव्हते. मी मनातल्या मनात नंदूशेठला शिव्या घालत होते, जितक्या येत होत्या तितक्या, आणि एकही शिवी पुरत नव्हती.

पुरुषमाणसं कबरस्तानातून परतायला लागली, तेव्हा खाडीवरून विमान आलं. पाच चाळीसला दोन-चार मिनिटं कमी असतील. उन्हात चमकणारं, नीटनेटकं, वेळेवर. अंगणातली माणसं मान वर करून बघत राहिली. त्यात चार प्रवासी होते, त्यांची तिकिटं मीच काढली होती.

सव्वासहाला गाडी आली. युसुफ धुळीने माखलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. दार उघडं टाकून तो धावतच घरात शिरला, आतल्या बायकांची तोंडं बघितली, तसाच बाहेर आला आणि कबरस्तानाच्या वाटेने पळत सुटला. कोणी त्याला हाक मारली नाही.

अंधारून यायला लागलं तेव्हा चाचा त्याला हाताला धरून घेऊन आले. युसुफ ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला. चाचा माझ्याजवळ खांबाला टेकून बसले. त्यांच्या नखांत ओली माती होती. चार महिन्यांत त्यांनी मला जे विचारलं नव्हतं, ते त्या वेळी विचारलं. रागाने नाही, नुसतंच, जसं एखाद्याला वाट विचारतात तसं.

"त्या विमानाचा टायम कोनी ठरवला गो?"

नंदूशेठचं नाव माझ्या ओठांवर होतं. ते मला घेता येईना, कारण साहेबांनी त्याला विचारलं नव्हतं, मला विचारलं होतं.

"कंपनीने," मी म्हटलं.

चाचांनी मान हलवली. "मंग त्यांचा तरी काय चुकला. त्यांना कोनी सांगितलाच नसंल." आणि आत वळून ते म्हणाले, "शेजारनं चाय आलेय ना? कुंदाला आधी द्या गो. दुपारपासनं उभी हाय ती."